झीज आपली, लपवलेलं त्यांचं

सुरतेच्या कोसाडमध्ये माझं गॅरेज आहे. नव्या गाड्या माझ्याकडे फारशा येत नाहीत, त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. माझ्याकडे येतात त्या जुन्या, आणि त्यातल्याही बऱ्याचशा नुकतेच मालक बदललेल्या. कोसाड आवासमध्ये, अमरोलीत, छापराभाठ्यात राहणारा आमचा खानदेशी माणूस आयुष्यातली पहिली चारचाकी घेतो ती बहुधा जुनीच असते. लूमवर, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, साड्यांच्या पार्सलवर वर्षानुवर्षं राबून साठवलेले पैसे, वर थोडं सोसायटीचं कर्ज, थोडे मेव्हण्याकडून घेतलेले. गाडी शहरात फिरायला नको असते. ती हवी असते गावी जायला. आई-वडील साक्री, शिरपूर, अमळनेरकडे असतात. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आणि लग्नसराईच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून गाडी.

आणि गावचा रस्ता म्हणजे कामरेज, कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, आणि मग कोंडाईबारी घाट. सुरत सपाट आहे. आमच्या शहरात गाडीला चढ भेटतो तो पुलाचा, तोही अर्ध्या मिनिटाचा. त्यामुळे कार मेळ्यातून, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, घेतलेली गाडी इथे महिनाभर बिनतक्रार चालते आणि पहिल्यांदा गावी निघाली की घाटात वाफा सोडत उभी राहते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत कोंडाईबारीचं नाव इतक्या वेळा येतं, की मी आता फोनवरच विचारतो, ‘घाट चढताना की उतरताना?’ चढताना म्हणाला तर इंजिन आणि कूलिंग, उतरताना म्हणाला तर ब्रेक.

हे अनुभव लिहायचं कारण दुरुस्ती नाही. दुरुस्ती कुठलाही बरा मिस्त्री करील. गाडी घेतल्यावर दोष निघाला की घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये जे काही होतं, त्यात गेली अनेक वर्षं मी उभा आहे. कोणी मला नेमलेलं नाही. गाडी माझ्याकडे येते, मालक म्हणतो, ‘भाऊ, तुम्हीच चला ना संगे’, आणि मी जातो. तिथे उभं राहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: भांडण कोण जिंकतो हे आवाजावर ठरत नाही, मागणी कुठे थांबते यावर ठरतं. जुन्या गाडीत झीज असणारच, ती घेणाऱ्याची. जे ठाऊक असून झाकलं, ते विकणाऱ्याचं. या दोहोंमधली रेघ कागदावर नीट ओढता आली तर बहुतेक डीलर ऐकतात. रेघ न ओढता गेलात तर चांगला डीलरही हात वर करतो.

एक प्रकरण सविस्तर सांगतो.

एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातला एक फोरमन, मूळचा साक्री तालुक्यातला. त्याने होळीच्या सुमारास शहरातल्या एका कार मेळ्यातून २०१६ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी घेतली. पहिल्याच प्रवासात बायको, दोन मुलं आणि सासूबाई बसलेल्या, एसी चालू, आणि विसरवाडी सोडल्यावर काटा वर. बोनेटमधून वाफ. ट्रकवाल्यांनी पाणी दिलं, तासभर थांबून तो कसाबसा दहिवेलला पोहोचला. परत आल्यावर मला फोन: ‘भाऊ, गाडी तापी ऱ्हायनी.’ मी त्याला एवढंच सांगितलं, की गाडी आता चालवू नकोस, कुठे उघडू नकोस, आणि रात्री माझ्याकडे लावून जा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बघायचं होतं.

थंड इंजिन खोटं बोलत नाही. कार मेळ्यात गाडी दाखवतात तेव्हा ती बहुधा आधीच सुरू करून गरम केलेली असते. टॅपेटचा आवाज, पहिल्या सुरुवातीचा धूर, बॅटरीचा अशक्तपणा हे सगळं त्यात झाकलं जातं. सकाळी सहाला बोनेट उघडलं. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत कूलंट छान हिरवंगार. रेडिएटरचं झाकण काढलं तर आत वीटकरी रंगाचं गंजाचं पाणी, आणि बोटाला लागणारा बारीक भुसा. हा भुसा म्हणजे गळती तात्पुरती बुजवणारी पावडर. बाहेरच्या टाकीत रंग आणि आत गंज याचा अर्थ कूलंट बदललेलं नाही, फक्त दिसेल तेवढंच भरलंय.

मग थर्मोस्टॅटचं हाऊसिंग. त्याच्या दोन बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या आणि कडेला लाल सिलिकॉन बाहेर आलेलं. उघडलं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. थर्मोस्टॅट काय करतो, तर इंजिन ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढून टाकला की पाणी सतत फिरत राहतं, सपाट रस्त्यावर काटा खालीच राहतो, आणि चालवून बघणाऱ्याला वाटतं गाडी अगदी थंड आहे. पुढे पंख्याच्या रिलेच्या जागी वायरचा तुकडा घालून पंखा डायरेक्ट केलेला. चावी फिरवली की पंखा सुरू, गरज असो-नसो. एखादा मिस्त्री आळसाने थर्मोस्टॅट काढून टाकतो, हे आपल्याकडे होतं. पण थर्मोस्टॅट काढणं, पंखा डायरेक्ट करणं, पावडर टाकणं आणि वर टाकीत हिरवं भरणं, हे चारही एकत्र आले की त्याला आळस म्हणत नाहीत. कुणाला तरी ठाऊक होतं की ही गाडी तापते.

ती का तापते, हे शोधायला ब्लॉक टेस्ट केली. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात, तीत निळं द्रव असतं. इंजिन चालू ठेवून वरची हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात शिरत असेल तर निळं द्रव पिवळं पडतं. फोरमन माझ्या खांद्यावरून बघत होता. द्रव आधी हिरवट झालं, मग पिवळं. हेड पॅकिंग गेलेलं. सपाट रस्त्यावर वायू थोडा शिरतो, पाणी हळूहळू कमी होतं. पाच माणसं आणि एसी घेऊन घाट चढताना जोर वाढला की तोच वायू पाणी बाहेर ढकलतो.

शेवटी स्कॅनर लावला. हे यंत्र आता बऱ्याच गॅरेजमध्ये असतं, पण त्यातला एक आकडा फार थोडे मिस्त्री बघतात. दोष पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, याची नोंद गाडीचा संगणक स्वतः ठेवतो. मीटर मागे घेणाऱ्यालाही हा आकडा सहसा आठवत नाही. त्या गाडीत तो ४६६ होता. फोरमनच्या डिलिव्हरी नोटवर किलोमीटर लिहिलेले होते ६१,२४०, आणि मीटरवर त्या सकाळी होते ६१,६९३. म्हणजे त्याच्या हातात आल्यापासून गाडी चालली ४५३ किलोमीटर. डिलिव्हरीच्या आधी १३ किलोमीटरवर कुणीतरी स्कॅनर लावून दोष पुसले होते. आणि ४६६ किलोमीटरमध्ये पुन्हा उमटलेला दोष होता पी ०१२८, म्हणजे इंजिन हवं तेवढं गरम होत नाही. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीत उमटतो तोच.

हे सगळं त्याने मोबाइलवर टिपलं. एका सलग व्हिडिओत आधी नंबर प्लेट, मग मीटर, मग स्कॅनरचा पडदा, मग रिकामं हाऊसिंग, मग नळीतलं पिवळं द्रव. मध्ये कुठेही तोडलेलं नाही. हा व्हिडिओ पुढे फार उपयोगी पडला, कारण वेगवेगळे फोटो बघून समोरचा माणूस ‘हे कुठल्या गाडीचं कशावरून?’ असं विचारतो.

त्यानंतर मी एका कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं: क्लच घसरतो, पुढचे दोन टायर झिजलेले, मागच्या बंपरला रंग मारलेला, शॉकॲब्सॉर्बरमधून तेल पाझरतं. उजवीकडे लिहिलं: हेड पॅकिंग, थर्मोस्टॅट, पंख्याचं वायरिंग, रेडिएटर. फोरमन म्हणाला, ‘क्लच पण त्यांच्यावरच टाका ना भाऊ, तोही त्यांनी सांगितला नव्हता.’ मी नाही म्हटलं. क्लच त्याने स्वतः चालवून बघितला होता, टायर डोळ्यांना दिसत होते. दहा वर्षांच्या आतबाहेरच्या गाडीचा क्लच थकलेला असणं ही झीज आहे. त्याच्या मागण्यांत क्लच घातला असता तर गाडी विकणाऱ्या शेठनी बोट तिथेच ठेवलं असतं आणि सगळी चर्चा क्लचभोवती फिरली असती.

कायदाही हीच रेघ ओढतो, फक्त त्याचे शब्द वेगळे. १९३०च्या मालविक्री कायद्याचं १६वं कलम असं सांगतं, की माल घेताना घेणाऱ्याने स्वतः बघून घ्यावं, हा मूळ नियम; पण त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून घेतलेला माल विकण्याजोगा असलाच पाहिजे, अशी अट गृहीत धरली जाते. घेणाऱ्याने तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल मात्र तक्रार चालत नाही. टायर दिसायला हवे होते. रिकामं थर्मोस्टॅट हाऊसिंग कुठल्याही सामान्य माणसाला चालवून बघताना दिसू शकत नाही. याच कायद्याचं ४२वं कलम गाडी घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं: माल नाकारतो असं वाजवी वेळेत कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं मानतात. म्हणून मी पहिल्याच दिवशी म्हणतो, फोन करा, पण फोनवर थांबू नका.

फोरमनने शेठना फोन केला होता. पलीकडून उत्तर आलं, ‘जूनी गाडी छे, भाई, एमां एवुं तो थाय.’ आम्ही पत्र लिहिलं, गुजरातीत. इथले शेठ गुजरातीत वाचतात, त्यांचा मुनीमही. इंग्रजी नोटीस आली की ती वकिलाकडे जाते आणि माणसामाणसांतलं बोलणं तिथेच बंद होतं. पत्रात गाडीचा नंबर, डिलिव्हरीची तारीख, किलोमीटर, सापडलेले चार दोष, दुरुस्तीचा अंदाज, आणि शेवटी दोनच पर्याय: गाडी परत घेऊन पूर्ण पैसे द्या, किंवा हे चार दोष तुमच्या खर्चाने दुरुस्त करून द्या. एक प्रत स्पीड पोस्टाने, एक व्हॉट्सॲपवर. पत्रात एकही अपशब्द नाही, ‘फसवणूक’ हा शब्दसुद्धा मी काढायला लावला. दोष लिहिले की तो शब्द वाचणारा स्वतः उच्चारतो.

आम्ही गेलो तेव्हा शेठ गल्ल्यावर होते. चहा आला. सुरतेत भांडायला गेलेल्यालाही आधी चहा मिळतो, आणि तो घ्यावा. शेठनी डिलिव्हरी नोट काढून शिक्क्यावर बोट ठेवलं. ‘जेवी छे तेवी’, म्हणजे जशी आहे तशी. खाली फोरमनची सही.

मी म्हटलं, “शेठ, सही खरी आहे. टायर, क्लच, बंपर, शॉकॲब्सॉर्बर, यातलं आम्ही काहीच मागत नाही. हा डावीकडचा रकाना आमचा. तुम्ही फक्त उजवीकडचा बघा.”

त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. मग त्यांच्या मिस्त्रीला हाक मारली. तो आला, व्हिडिओ बघितला, स्कॅनरच्या आकड्यापाशी थांबला आणि काही बोलला नाही. शेठ म्हणाले, “आमच्याकडे पण अशीच आली, एजंटकडून. आम्ही फक्त धुऊन पॉलिश केली.”

ते खरंही असेल. या धंद्यात गाडी तीन-तीन हातांतून येते, आणि दोष झाकणारा पहिला हात बहुतेक वेळा समोर नसतोच. पण विकणारा म्हणून सही शेठची होती, बिल त्यांच्या पेढीचं होतं. एजंटकडून त्यांनी वसूल करावं, तो त्यांचा मार्ग. फोरमन त्या एजंटला शोधत सुरतभर फिरणार नव्हता. मी एवढंच म्हटलं, की तुमच्याकडे ती कशी आली त्याचा कागद तुमच्याकडे असेलच. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी डीलरच्या हवाली केली की ते फॉर्म २९-सी भरून कळवावं लागतं. तिथून गाडी विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. शेठनी मान डोलावली. त्यांनी हे अधिकृतपत्र घेतलेलं होतं आणि भिंतीवर लावलेलं होतं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, कारण सगळे घेत नाहीत.

त्यांनी पाच हजार देऊ केले. फोरमनचा हात पुढे जाणार होता, घरून त्याला ‘मिळेल ते घेऊन ये’ असं सांगितलेलं. मी त्याला बाहेर नेलं. पाच हजार घेतले की विषय संपतो आणि हेड खराब निघालं तर पुढचे वीस हजार त्याचे. आत येऊन आम्ही म्हटलं, रोख नको, काम करून द्या. पण काम कुणाकडे, यावर अडलं. शेठ म्हणत, आमच्या मिस्त्रीकडे ठेवा. तिथे थर्मोस्टॅट बसवून, दोष पुन्हा पुसून गाडी परत आली असती. माझ्याकडे करावं तर शेठना भरवसा नाही, आणि तो नसणं रास्त आहे; मी घेणाऱ्याच्या बाजूने आलेलो. शेवटी तिसऱ्या जागी ठरलं, हेड फेसिंग करणाऱ्या एका जुन्या मशीन शॉपमध्ये, दोघांचे मिस्त्री हजर असताना.

हेड उतरवलं तेव्हा शेठचा मिस्त्री आणि मी शेजारी उभे होतो. मशीनवाल्या काकांनी सरळ पट्टी हेडवर तिरकी ठेवली आणि खाली फीलर गेजची पाती सरकवून बघितली. मधल्या दोन सिलिंडरांमध्ये पाती सहज आत गेली. हेड वाकलेलं होतं, आणि पॅकिंगवर तिथेच काळी रेघ जळलेली होती. काकांनी पाती आधी शेठच्या मिस्त्रीच्या हातात दिली. त्याने स्वतः सरकवून बघितली आणि शेठना फोन लावला: ‘शेठ, वात साची छे.’ त्या फोननंतर वाद उरला नाही.

समझोता एका पानावर लिहिला. हेड फेसिंग, पॅकिंग, थर्मोस्टॅट, पंख्याचं वायरिंग मूळ पद्धतीने, रेडिएटरची सफाई आणि नवं कूलंट हा खर्च शेठचा, क्लच फोरमनचा. क्लचची मजुरी मात्र शेठनी आपण होऊन सोडली. तीन महिन्यांत गाडी पुन्हा तापली तर हेच काम पुन्हा शेठकडे. काढलेले भाग घेणाऱ्याच्या ताब्यात. दोघांच्या सह्या, पेढीचा शिक्का. आखाजीला फोरमन कुटुंबासह गावी गेला, कोंडाईबारी चढून माथ्यावर थांबला आणि काट्याचा फोटो पाठवला. काटा मधोमध होता.

सगळी प्रकरणं अशी नसतात. काही वेळा विकणारा बरोबर असतो, आणि ते सांगणं माझं कामच आहे. एका गृहस्थाने बारा वर्षांची डिझेल गाडी घेतली, दोन महिने लग्नसराईत चालवली आणि टर्बो गेल्यावर पूर्ण पैसे परत मागायला निघाला. तेल बदललेलं नव्हतं, एअर फिल्टर धुळीने भरलेला. मी त्याला म्हटलं, मी येणार नाही. तो नाराज झाला, अजूनही बोलत नाही. पण मी त्या दिवशी गेलो असतो तर पुढच्या फोरमनबरोबर गेल्यावर माझ्या कागदाला कोणी किंमत दिली नसती.

पुराच्या गाड्यांचं मात्र मला फार वाईट वाटतं. सुरतेला पूर नवीन नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली आणि निम्म्याहून जास्त शहर पाण्यात गेलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्रीला पूर आला, शेकडो गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून बाजारात येते आणि बाहेरून नव्यासारखी चमकते. पण पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभरात पाण्याची रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधलं हिरवट तांबं. एअरबॅगची वायरिंग पाण्यात राहिलेली गाडी मुलाबाळांना घेऊन महामार्गावर जाते, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. असं एक प्रकरण आलं तेव्हा मी दुरुस्ती सुचवलीच नाही. गाडी परत, एवढीच मागणी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत हे स्पष्ट आहे: सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. त्या माणसाने पहिल्याच आठवड्यात लेखी कळवलेलं होतं. डीलरने दोन दिवस टाळाटाळ केली आणि मग गाडी परत घेतली.

कागदांचे दोष यंत्राच्या दोषांपेक्षा उशिरा कळतात. टीटीओ, म्हणजे मालकीचं हस्तांतर, झालेलं नसतं, बँकेचा बोजा उतरलेला नसतो, सीएनजी किट बसवलेलं असतं पण आरसीत चढवलेलं नसतं, सिलिंडरची तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट संपलेली असते. विकणाऱ्याने गाडी दिली आणि नाव बदललंच नाही, तर दंडाचे मेमो त्याच्या घरी येतात. आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव आरटीओत आहे त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात तसं ठरवलं आहे. घेणाऱ्याचंही नुकसान कमी नाही. विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज चौदा दिवसांत करायचा असतो. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

डीलर अजिबात ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. टॅक्सीवाल्यांना वाटतं की आपली गाडी धंद्याची, आपल्याला हा कायदा लागू नाही. स्वतः चालवून पोट भरत असाल तर लागू आहे. गुजरातेत ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. अहमदाबादेत मनुभाई शहा यांनी १९७८मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर सुरू केलं, आपल्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत त्याच दशकातली. त्या लोकांनी झगडून मिळवलेला हा हक्क आहे. तरी मी आधी समझोत्याचा प्रयत्न करायला सांगतो, कारण कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिली असली तरी बहुतेक वेळा त्याहून जास्त महिने लागतात. तेवढे दिवस गाडी दारात उभी, हप्ता चालू, आणि दोष पुराव्यासाठी तसाच ठेवायचा. रोजंदारीवरच्या माणसाला ते परवडत नाही.

माझं म्हणणं कार मेळेवाल्यांनाही आहे. गाडी देताना एक पान भरून द्या: काय झिजलंय, काय बदललंय, डेंटिंग-पेंटिंग कुठे झालंय, मीटर किती, स्कॅनरमध्ये काय दिसतं. ‘जेवी छे तेवी’ लिहिताना ती कशी आहे हेही लिहा. मी पाहिलेल्या ज्या दोन-तीन पेढ्या असं पान देतात, त्यांच्याविरुद्ध मला कुणाबरोबर कधी जावं लागलेलं नाही.

आणि गाडी घेणाऱ्यांनो, टोकन देण्याआधी एक सकाळ मागून घ्या. आपला मिस्त्री घेऊन जा, इंजिन थंड असताना बोनेट उघडा, रेडिएटरचं झाकण काढून बघा, स्कॅनर लावा. डिलिव्हरी नोटवर किलोमीटर, तारीख आणि वेळ स्वतःसमोर लिहून घ्या, बिलाशिवाय चावी घेऊ नका. थंड इंजिन दाखवायला विकणारा तयार नसेल, तर ती गाडी तिथेच सोडा.